किल्लीचा फोटो

गणपतीच्या आधीच्या सोमवारी, म्हणजे २५ ऑगस्ट २०२५ ला, मी आणि आमचे हे ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या बँकेत गेलो आणि जर्मनीतल्या एका घराच्या भाड्या-डिपॉझिटपोटी १,५६० युरो पाठवून आलो. बँकेचे चार्जेस धरून एक लाख साठ हजारांच्या वर गेले. ते घर नव्हतंच. घरमालक नव्हता, करार खोटा होता, आणि जे पैसे गेले त्यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

आमच्यासारखीच पुष्कळ कुटुंबं आत्ता हेच करत असतील. मुलगा किंवा मुलगी तिकडे जायची असते, ॲडमिशन झालेली असते, व्हिसा हातात असतो, राहायचं ठिकाण तेवढं ठरलेलं नसतं. त्यांच्यासाठी लिहिते आहे.

लेकीला स्टुटगार्टला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला होता. तिकडचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आधीच भरावे लागले आणि तिथे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात पडणार होते. त्यातच भाडं, जेवण, विमा, सगळं. आम्ही त्यासाठी कर्ज काढलेलं, त्यामुळे भाडं पाचशेच्या आसपास बसलं पाहिजे हा आमचा हिशोब. विद्यार्थी वसतिगृहांना जून महिन्यातच अर्ज केला होता, तर वेटिंग. मग ती रोज रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायची आणि शेअरिंगच्या खोल्यांसाठी मेल पाठवायची. साठाच्या वर मेल गेले असतील. बहुतेकांचं उत्तरच नाही. ज्यांचं आलं ते एकच लिहायचे, ‘तू इथे आलीस की खोली बघायला ये, मग बोलू.’ मला तेव्हा राग यायचा. हजारो मैलांवरून पोर खोली बघायला कशी येणार? आज कळतं की ‘आधी बघायला ये’ म्हणणारी तीच माणसं सरळ होती.

ऑगस्टच्या मध्यात तिला एक जाहिरात दिसली. फाइहिंगन भागात, जिथे तिचा कॅम्पस आहे तिथेच, एका माणसापुरतं २८ चौरस मीटरचं घर, सामानासकट, हीटिंग-पाणी धरून ५२० युरो. तिने लिहिलं आणि तासाभरात उत्तर आलं. गृहस्थ म्हणाले, मी इंजिनिअर, घर माझ्या मुलीसाठी घेतलं होतं, आता आम्ही सगळे स्पेनमध्ये असतो. चांगल्या घरची, नीटनेटकी राहणारी मुलगी हवी. तुमची मुलगी पहिल्यांदाच घराबाहेर राहणार का, आईवडील काय करतात, जेवणखाण कसं, सगळं आपुलकीने विचारलं. मी शाळेत शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांची बायकोही शिक्षिका निघाली.

आम्हाला त्यांनी खोटं बोलून तेवढं फसवलं नाही, जेवढं खरं बोलून फसवलं. जर्मनीत घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांच्या आत तिथल्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. त्यासाठी घरमालकाने सही करून दिलेला कागद लागतो. नोंदणी नाही तर कर-क्रमांक येत नाही, पुढे राहण्याचा परवाना, पार्टटाइम नोकरी, सगळंच अडतं. आणि स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी खोल्यांच्या जाहिरातीत ‘आनमेल्डुंग मिळणार नाही’ असं आधीच लिहिलेलं असतं. हे सगळं खरं आहे. लेक या एका शब्दाने दोन महिने धास्तावलेली होती. त्या माणसाने पहिल्याच मेलमध्ये लिहिलं, ‘नोंदणीचा कागद पहिल्या दिवशी देईन.’ त्या वाक्यावर आम्ही अर्धे तिथेच विरघळलो.

व्हिडिओ कॉल मागितला तर म्हणाले, साइटवर असतो, नेट चालत नाही. त्याऐवजी घराचा व्हिडिओ पाठवला. कराराचा मसुदा पाठवला, स्वतःच्या ओळखपत्राची प्रत पाठवली आणि लेकीच्या पासपोर्टची प्रत मागितली. आम्ही पहिलं पान आणि शेवटचं पान, दोन्ही पाठवली. मग निरोप आला की आणखी दोघं तयार आहेत, पण मला तुमचीच मुलगी हवी आहे. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं आल्यावर जाहिरात काढतो. बुधवारी गणेश चतुर्थी, बँक बंद. म्हणून आम्ही सोमवारीच धावलो.

बँकेत परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला, पॅन दिला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म वाचून विचारलं, ‘मॅडम, घर जर्मनीत आणि खातं स्पेनचं कसं?’ तिच्या बोटाखाली आयबॅनची, म्हणजे तिकडच्या खाते क्रमांकाची, पहिली दोन अक्षरं होती, ‘ईएस’. जर्मनीचं खातं ‘डीई’ने सुरू होतं. दुसऱ्या देशातलं खातं असलं म्हणजे दर वेळी लबाडीच असते असं नाही, पण तो थांबायचा क्षण होता. त्या मुलीने थांबवलं होतं. मीच तिला सांगितलं, ‘अगं, ते आता तिकडेच असतात.’ त्या माणसाच्या वतीने उत्तर मी दिलं. ही गोष्ट मला अजून झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, हरतालिकेला, किल्लीचा फोटो आला. लाकडी टेबलावर दोन पितळी किल्ल्या, त्यांना दोऱ्याने बांधलेली कागदाची चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर निळ्या शाईने माझ्या लेकीचं नाव. कोणीतरी हाताने लिहिलेलं, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेलं. किल्ली कुरिअरने ठाण्याला येईल असं खाली लिहिलं होतं. मी तो फोटो आल्यागेल्या सगळ्यांना दाखवला. आरतीला जमलेल्या बायकांना दाखवला. मखरासमोर मोबाइल धरून नमस्कारसुद्धा केला.

माझे सासरे कोपरीला भाड्याच्या खोलीत राहायचे तेव्हापासूनची त्यांची एक सवय होती. कुठलीही खोली बघायला गेले की आधी मोरीत जाऊन नळ सोडायचे. पाणी किती येतं, कुठल्या वेळेला येतं, शेजाऱ्याला विचारायचे, मग भाड्याचं बोलायचे. आम्हीही ठाण्यात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करताना एजंटच्या शब्दावर कधी टोकन दिलं नाही. तेच आम्ही, जिचा नळ कुणी सोडून बघितलेला नाही अशा जागेसाठी दीड लाख पाठवून मोकळे झालो. परदेशातलं म्हणजे सगळं मेलवरच चालत असणार, असं कुठेतरी डोक्यात बसलं होतं.

गौरीजेवणाच्या दिवशी, १ सप्टेंबरला, दुसरी मागणी आली. कुरिअरचा विमा ३८० युरो, किल्ली मिळाल्यावर परत. हे म्हणाले, देऊन टाकू, आता एवढ्यासाठी कशाला अडायचं. माझे धाकटे दीर जेवायला आले होते. ते वायरिंगची कंत्राटं घेतात, दोन वर्षं दुबईला होते. त्यांनी तो घराचा व्हिडिओ मागितला. एकदा पाहिला, परत पाहिला आणि एका जागी थांबवून मोबाइल माझ्यापुढे धरला. ओट्याच्या मागे भिंतीवर प्लगचा बोर्ड दिसत होता.

‘वहिनी, हा जर्मनीतला नाही. तिकडचा सॉकेट गोल असतो, वाटीसारखा आत गेलेला, दोन गोल भोकं आणि कडेला दोन पत्र्याच्या पट्ट्या. हा बघा, तीन चौकोनी भोकं आणि बाजूला स्विच. हा इंग्लंडचा. दुबईलाही हाच असतो.’

पानात पुरणपोळी तशीच राहिली. नंतर लेकीने जाहिरातीतले फोटो इमेज सर्चमध्ये टाकून पाहिले, तर त्यातले दोन मँचेस्टरच्या एका विकाऊ फ्लॅटचे निघाले. पाच मिनिटांचं काम होतं.

तरीही आशा सुटत नाही. लेकीच्या मैत्रिणीच्या ओळखीने डोंबिवलीचा एक मुलगा स्टुटगार्टमध्ये शिकत होता, त्याला पत्ता पाठवला. तो बिचारा अनंत चतुर्दशीच्या शनिवारी सुट्टी बघून तिथे गेला आणि दारासमोरून त्याने व्हिडिओ कॉल लावला. आमच्याकडे तलावपाळीच्या दिशेने निघालेल्या मिरवणुकांचे ढोल, काही ऐकू येईना, खिडक्या लावून घेतल्या. त्याने कॅमेरा बेलच्या पाटीवर धरला.

‘काकू, करारात फ्लॅट नंबर ३०२ लिहिलाय ना? इथे सहसा फ्लॅटला नंबर नसतातच. बेलवर राहणाऱ्याचं आडनाव असतं. ही सहा नावं आहेत, तुमच्या माणसाचं एकही नाही. आणि इमारत दोनच मजल्यांची आहे.’

करारातला तो ‘३०२, तिसरा मजला’ वाचून आम्हाला किती बरं वाटलं होतं! आपल्या सोसायट्यांसारखा पत्ता, नीट, ओळखीचा. तो आपल्या सवयीचा होता म्हणूनच आम्हाला खरा वाटला. तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं. त्यांनी त्या मुलाला सांगितलं की याच घराची चौकशी करत महिन्याभरात तू तिसरा आलास.

त्याच रात्री १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, सोमवारी बँकेत जाऊन रक्कम परत बोलावण्याचा अर्ज दिला. पैसे जाऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. देशाबाहेर गेलेली रक्कम समोरच्या बँकेने आणि खातेदाराने मान्य केल्याशिवाय सहसा परत येत नाही, आणि खात्यात काही उरलेलंही नव्हतं. लेकीने तिकडे पोचल्यावर जर्मन पोलिसांकडेही ऑनलाइन तक्रार दिली. क्रमांक मिळाला. तक्रार करून काय होणार असं म्हणून गप्प बसू नका, कारण पासपोर्टची प्रत त्यांच्याकडे आहे आणि उद्या तिचा गैरवापर झाला तर हा क्रमांकच आपल्या बाजूने उभा राहतो. पण लवकर करा. आमचे मधले दिवस किल्लीची वाट बघण्यात गेले.

एक गोष्ट नंतर कळली, ती आधी माहीत असती तर बँकेची पायरीच चढलो नसतो. जर्मनीत भाडं दोन तऱ्हेने सांगतात. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या नुसत्या जागेच्या भाड्याएवढं घेता येतं, आणि भाडेकरूला ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा कायद्याने हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतो तेव्हा देय होतो. म्हणजे महिनाभर आधी, किल्ली बघण्यापूर्वी, सगळी रक्कम भरा असं कुणी म्हणत असेल तर तो तिथला रिवाज नाही. आमच्या करारात काल्ट-वार्म असं काही वेगळं दाखवलेलंच नव्हतं, नुसते ५२० लिहिले होते. करार जर्मनमध्ये होता. आम्ही तो मोबाइलवर भाषांतर करून ओळ न ओळ वाचला, पण त्यात काय असायला हवं होतं ते ठाऊक नसल्यामुळे काय नाही ते दिसलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या रात्री ती विमानात बसली, राहायची जागा न ठरवता. पहिल्या काही रात्री युथ हॉस्टेलमध्ये काढल्या. मी इथे घट बसवले, पण जीव तिकडे. डोंबिवलीच्या त्याच मुलाच्या ओळखीने तिला तीन महिन्यांसाठी एका शेअर घरातली खोली मिळाली. मूळ भाडेकरू मुलगी सेमिस्टरसाठी बाहेरगावी जात होती, घरमालकाची परवानगी होती, नोंदणीचा कागदही मिळाला. हे आधीच करता आलं असतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांच्या हॉस्टेलचे पैसे बाजूला ठेवायचे, जाऊन घर बघायचं, आणि इथून पैसे पाठवायचेच असतील तर आधी तिथल्या कुणाला तरी त्या दारासमोर उभं करायचं. ओळख नसली तर ओळखीची ओळख काढा. डोंबिवलीचा तो मुलगा आम्हाला कुठे ठाऊक होता? विचारल्यावर दोन दिवसांत मिळाला. आम्ही पैसे पाठवायच्या आधी विचारलं नाही, एवढंच.

खोली बघायला गेली तेव्हा तिने मला न सांगता एक व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंदांचा. त्यात फक्त बेसिनचा नळ आहे आणि पाणी वाहतंय. खाली लिहिलंय, ‘आई, आजोबांसारखं बघितलं.’ मी शाळेच्या स्टाफरूममध्ये होते, तिथेच रडले.

आता पासपोर्टचं. त्या गृहस्थाने पाठवलेलं ओळखपत्र, आम्हाला आता वाटतं, आमच्यासारख्याच आधी फसलेल्या कुणाचं असणार. तसंच लेकीचा पासपोर्ट आता त्याच्याकडे आहे. शेवटच्या पानावर आम्हा दोघांची नावं आणि ठाण्याचा पत्ता आहे. प्रत पाठवायचीच वेळ आली तर तिच्यावर आडवं लिहा, ‘फक्त अमुक घराच्या भाडेकरारासाठी’, आणि तारीख घाला. आम्ही कोरी पाठवली. तेव्हा जर्मनीत घर शोधताना कुणी ‘मी घरमालकीण’ म्हणून तुम्हाला ठाण्याच्या पत्त्याचा एका तरुण मुलीचा पासपोर्ट पाठवला, तर ती माझी लेक असू शकेल. तिचं जर्मनीत घर नाही. ती कुणाला घर भाड्याने देत नाही. ती स्वतःच दुसऱ्याच्या खोलीत राहते आहे.