मिरचीवरचे ठिपके: निरगुडीचा अर्क की कॉपर?

पेडण्याच्या वहिनींनी विचारलं, मिरचीच्या पानांवर जिवाणूंचे ठिपके पडतायत, बांधावरची निरगुडी वापरू की कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याची फवारायची पूड)?

निरगुडी फुकट, पण मेहनत भरपूर. पाला खुडा, वाटा, फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. शिवाय अर्क त्याच दिवशी संपवायला हवा. कॉपरला पैसे पडतात. लिटरला अडीच-तीन ग्रॅम, काम झटपट.

खरा फरक टिकण्यात. अर्क पावसाच्या एका सरीत धुऊन जातो. कॉपर पानाला धरून राहतं, पण तेही निरोगी पानंच वाचवतं, पडलेला ठिपका भरून येत नाही. प्रयोगशाळेच्या बशीत अर्काने जिवाणू रोखले म्हणून शेतात रोखेल असं धरू नका. कॉपरही सतत मारू नका. ते मातीत साठतं आणि काही जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

झाड हिरवंच असताना कोमेजलं, तर खोड कापून ग्लासभर पाण्यात धरा. दुधी धागा खाली उतरला की तो जिवाणूंचा मर रोग. तिथे दोन्ही फवारे वाया. रोप मुळासकट उपटून जाळा.

परसातल्या चार-दहा झाडांना, कोरड्या दिवसांत, निरगुडी करून बघा. विकायच्या मिरचीला, पावसाळ्यात, कॉपरच, तेही उघडीप बघून.