टी-६ ट्राम: अथेन्सला आलात तर हिने निआ स्मिर्नीला या

अथेन्सला येणारी आपली मंडळी अक्रोपोलिस बघतात, प्लाका या जुन्या वस्तीत जेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सँतोरिनीची बोट पकडतात. मधे एखादी संध्याकाळ रिकामी असेल तर मी सगळ्यांना एकच सांगते: सिंतग्मा चौकातून टी-६ ट्राममध्ये बसा आणि निआ स्मिर्नी या अथेन्सच्या उपनगरात उतरा. आम्ही इथेच राहतो. नवऱ्याची नोकरी पिरेअस बंदरातल्या एका शिपिंग कंपनीत, माझं कामही शहरात, त्यामुळे ही ट्राम माझी रोजचीच.

तिकीट १.२० युरो, ९० मिनिटं चालतं, आणि त्याच तिकिटावर मेट्रो आणि बसही मिळते. थांब्यावर मशीन असतं. आत चढल्यावर तिकीट टेकवायला विसरू नका, तपासनीस कधीही येतात. ही ट्राम २००४ च्या ऑलिंपिकसाठी सुरू झाली. मेट्रोसारखी धावत नाही, सिग्नलला थांबते. घाई असेल तर मेट्रो बघा. पण सोबत म्हातारं माणूस असेल तर ट्रामसारखं सुख नाही. माझी आई ठाण्याहून आली तेव्हा तिच्या गुडघ्यांचं मला टेन्शन होतं. ट्रामचा दरवाजा फलाटाच्या पातळीला, पायरी चढायची भानगडच नाही. ती खिडकीशी बसली आणि झापिओची बाग, झ्यूसच्या देवळाचे खांब, सगळं बसल्याजागी बघितलं.

फिक्स, नेओस कोस्मोस हे थांबे मागे पडले की वस्ती बदलते. तुम्ही ‘आगिया फोतिनी’ या चर्चच्या नावाच्या थांब्यावर उतरा. ट्राम चर्चजवळ येते तेव्हा आतल्या माणसांकडे जरा बघा. हातात भाजीची पिशवी असलेली आजी, कानात हेडफोन घातलेला कॉलेजचा मुलगा, दोघंही पटकन तीनदा छातीवर क्रूस काढतात आणि परत आपापल्या उद्योगाला लागतात. देवळावरून जाताना आपला हात छातीशी जातो ना, तसंच.

या चर्चच्या घंटाघराचा मनोरा नीट बघा. निआ स्मिर्नी म्हणजे नवं स्मिर्ना, आणि स्मिर्ना म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर. तिथल्या आगिया फोतिनीच्या मनोऱ्याची ही प्रतिकृती आहे. सप्टेंबर १९२२ मध्ये तुर्की सैन्य स्मिर्नात शिरलं, चार दिवसांनी आग लागली आणि ग्रीक-आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या. मूळ चर्चही गेलं. १९२३ च्या लोझान कराराने तुर्कस्तानातले ख्रिश्चन ग्रीसमध्ये आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानात अशी लोकसंख्येची अदलाबदल ठरली. त्या काळात सुमारे १२ लाख निर्वासित ग्रीसमध्ये आले, तेही जेमतेम ५० लाख वस्तीच्या देशात. कैसारियानी, निआ इओनिया अशा वस्त्यांत गरीब कुटुंबं झोपड्यांत आणि सरकारी खोल्यांत राहिली. निआ स्मिर्नीत मात्र त्यातल्या त्यात बऱ्या परिस्थितीतली माणसं आली आणि आखलेल्या प्लॉटवर घरं बांधून राहिली. शहर जळालं तरी त्यांनी नावं सोडली नाहीत. इफेसू, आर्ताकिस, किदोनिओन अशा रस्त्यांच्या पाट्या वाचत गेलात तर आशिया मायनरचा, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियातल्या भागाचा, नकाशाच डोळ्यांपुढे येतो. पुढे ट्रामचा ‘एवांगेलिकी स्कोली’ नावाचा थांबा आहे, तो ज्या शाळेच्या नावाचा ती स्मिर्नात १७३३ साली सुरू झाली होती. पानिओनिओस हा क्लबही तिथलाच, १८९० चा. सगळं हातचं गेल्यावर लोकांनी इथे येऊन शाळा उभी केली, फुटबॉल क्लब उभा केला. मला या गावाबद्दल जी माया वाटते ती यामुळे.

जुनी घरं आता फार राहिली नाहीत. १९५० नंतर इथे जे झालं ते आपल्याला समजावून सांगायला नको: मालकाने जागा बिल्डरला द्यायची आणि बदल्यात फ्लॅट घ्यायचे. आज साडेतीन चौरस किलोमीटरात ७० हजारांवर माणसं राहतात. गॅलऱ्यांवर चादरींसारखी कापडी छतं लावलेली, रस्ते अरुंद, पार्किंगची मारामारी. इमारती सुंदर आहेत असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी सात-आठनंतर मुख्य चौकात या. मुलं रात्री दहापर्यंत सायकली फिरवतात, आजोबा बाकावर बसून राजकारणावर भांडतात, तरुण पोरं एका थंड कॉफीवर दोन-दोन तास काढतात आणि वेटर त्यांना उठवत नाही. पर्यटकांसाठी यातलं काहीही नाही, म्हणूनच मी तुम्हाला इथे पाठवते. पलीकडे आल्सोस नावाची मोठी बाग आहे, लहान मुलं बरोबर असतील तर तिथे दोन तास सहज जातात.

सकाळी येणार असाल तर आठवडी बाजार गाठा. ठरलेल्या वारी एखादा रस्ताच बंद करून शेतकरी मांडव टाकतात. रविवारी नसतो. कुठला वार कुठल्या रस्त्यावर, हे शेजारच्या बेकरीत विचारा. मी आईला उन्हाळ्यात नेलं होतं. एका गाड्यापाशी ती थांबली आणि एक जुडी उचलून मला म्हणाली, “अगं, हा तर माठ!” खरंच माठ होता. इथे त्याला व्लिता म्हणतात, उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून खातात. शेजारच्या गाड्यावर घोळ दिसली, ती हे लोक सॅलडमध्ये कच्चीच घालतात. आईने दोन्ही घेतल्या. माठाला लसूण-मिरचीची फोडणी दिली, घोळीत मूगडाळ घातली. शेजारच्या ग्रीक काकूंना वाटी नेऊन दिली तर त्या दुसऱ्या दिवशी तीच वाटी भरून स्मिर्नाचे सुत्झुकाकिया घेऊन आल्या. लांबट खिमा-गोळे, टोमॅटोच्या रश्शात, आणि त्यात सढळ हाताने जिरं. ग्रीक जेवणात एरवी जिरं क्वचितच लागतं, त्यामुळे पहिल्या घासालाच आपल्याकडचं काहीतरी खातोय असं वाटतं. तुम्ही मांस खात असाल तर इथल्या कुठल्याही साध्या खानावळीत हेच मागवा. शाकाहारी असाल तर व्लिता, उकडलेला बटाटा, फेटा चीज आणि पाव. पोट भरतं.

दुपारी तीन ते साडेपाच ही इथली झोपेची वेळ. त्या वेळात आलात तर बरीच दुकानं बंद मिळतील, जिन्यात मोठ्याने बोललात तर कुणीतरी खिडकी उघडून दटावेल. चौक बघून झाला आणि ९० मिनिटं उलटली नसतील तर आलात त्याच दिशेने पुढे जाणारी ट्राम धरा. पिक्रोदाफ्नी या शेवटच्या थांब्याला समुद्र येतो. तिथून टी-७ एका बाजूला पिरेअसला जाते, दुसऱ्या बाजूला किनाऱ्याकिनाऱ्याने वूलाला. पोहायचं असेल तर वूलाची बाजू घ्या.