वाढीचे तक्ते: कुठला, कोणत्या वयाला, आणि कुठे फसतो

वजनकाटा नेमका असूनही तक्ता चुकीचा निवडला, तर धडधाकट मूल कुपोषित ठरतं किंवा खुरटलेलं मूल नजरेतून सुटतं. आशियाई मुलांच्या बाबतीत हा घोळ जास्त होतो, कारण 'आपली मुलं मुळातच लहानखुरी' हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी तयारच असतं.

शून्य ते पाच वर्षांसाठी डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) 2006 चा तक्ता घ्यावा, यात फारशी घासाघीस नको. पेलोटास (ब्राझील), अक्रा (घाना), दक्षिण दिल्ली, ऑस्लो (नॉर्वे), मस्कत (ओमान) आणि डेव्हिस (अमेरिका) इथल्या सुस्थितीतल्या, अंगावर पाजलेल्या मुलांची मापं त्यात आहेत. आया धूम्रपान न करणाऱ्या निवडल्या होत्या. म्हणजे मुलं कशी वाढतात यापेक्षा, अडचण नसेल तर कशी वाढायला हवीत, हे तो दाखवतो. या सहाही ठिकाणी सरासरी लांबी जवळपास सारखी आली, त्यामुळे या वयात लहानखुरेपणाची सबब चालत नाही. आधीच्या अमेरिकी तक्त्यात बाटलीच्या दुधावरची मुलं बरीच होती. अंगावर पिणारं बाळ काही महिन्यांनी त्या रेषेपेक्षा मागे पडलेलं दिसे आणि आईला उगाच वरचं दूध सुचवलं जाई.

पाच वर्षांनंतर मात्र नावावर जाऊ नका. डब्ल्यूएचओचा 2007 चा तक्ता त्याच जुन्या अमेरिकी आकड्यांची नवी मांडणी आहे, आणि वयानुसार वजन त्यात फक्त दहा वर्षांपर्यंतच मिळतं. भारतीय मुलांसाठी आयएपीचा (इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा) 2015 चा तक्ता (5 ते 18 वर्षं) इथे सरस वाटतो. त्याची खरी किंमत बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याच्या) आलेखात आहे: प्रौढ वयातल्या 23 (जादा वजन) आणि 27 (लठ्ठपणा) शी जुळणाऱ्या रेषा. तेवढ्याच बीएमआयला आशियाई शरीरात चरबी जास्त असते, म्हणून 25 आणि 30 वर बेतलेल्या आंतरराष्ट्रीय रेषा इथे उशिरा जाग्या होतात.

पण राष्ट्रीय म्हणजे आपोआप चांगला, असंही नाही. लोकसंख्याच लठ्ठ होत असताना गोळा केलेल्या वजनांवर तक्ता केला, की वरची रेषा वर सरकते आणि जाड मूल 'सर्वसाधारण' दिसतं. खुरटलेल्या मुलांवर केला तर खालची रेषा खाली जाते. तक्ता हाती घेताना पहिला प्रश्न हाच: मोजलेली मुलं कोण होती, आणि कधीची?

सगळ्यात जास्त चुका मोजमापात होतात. दोन वर्षांपर्यंत आडवं झोपवून लांबी, पुढे उभं करून उंची. दोन्हींत 0.7 सेंटीमीटरचा फरक धरलेला आहे. 24 महिन्यांच्या मुलग्यासाठी उणे 2 एसडीची रेषा (मधल्या रेषेपासून दोन प्रमाण विचलनं खाली; हिच्याखाली खुजेपणा धरतात) लांबीच्या तक्त्यात 81.7, तर उंचीच्या तक्त्यात 81.0 सेंटीमीटर. झोपवून 81.3 भरलेला मुलगा 0.7 वजा न करता उंचीच्या तक्त्यावर टाकला, तर खुजेपणा असूनही तो सुटतो.

तिसरं पर्सेंटाइल (शंभरातली तीन मुलं जिच्याखाली असतात ती रेषा) म्हणजे उणे 2 एसडी नव्हे. ते उणे 1.88 ला येतं. दोन अहवाल ताडताना हे विसरलं जातं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचं वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करूनच, म्हणजे अपेक्षित तारखेपासून मोजूनच, बिंदू टाकावा.

सहा महिने ते पाच वर्षं या वयात तीव्र कुपोषणासाठी उंचीनुसार वजन उणे 3 एसडीखाली, दंडघेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी, किंवा दोन्ही पायांवर सूज, यांपैकी एक पुरे. सूज असेल तर वजनाचा बिंदू खोटा दिलासा देतो, म्हणून आधी पाय दाबून बघावेत, मग काटा.

पाचव्या वर्षी तक्ता बदलला की रेषा अचानक वर किंवा खाली उडी मारते. एक-दोन भेटींत दोन्ही तक्त्यांवर बिंदू टाकून बदलाची तारीख तिथेच लिहावी. नाहीतर पुढचा डॉक्टर त्या उडीचं कारण मुलात शोधत बसतो.