बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन: भिंतीतला, छतातला की पाइपातला?

एक्झॉस्ट फॅन घ्यायचा म्हटलं की चर्चा लगेच इंचांवर येते: सहाचा घ्यावा की आठचा? माझ्या मते आधी बघायला हवी ती हवेची वाट. बाथरूममधली वाफ बाहेर पडेपर्यंत किती अंतर कापणार आणि किती वळणं घेणार, हे एकदा मोजलं की निम्मे पर्याय तिथेच गळतात.

भिंतीच्या पलीकडे थेट मोकळी हवा असेल, किंवा वर व्हेंटिलेटर असेल, तर साधा पात्यांचा पंखा (अ‍ॅक्सियल) घ्या आणि निश्चिंत व्हा. तो स्वस्त असतो, बसवायला सोपा असतो, आणि 100 मिमीचा छोटा पंखा साधारण 15 ते 20 वॅट वीज घेतो. पाती पुसून पुन्हा लावणं घरच्या घरी जमतं. बाहेरच्या बाजूला आपोआप मिटणारी झडप मात्र हवीच, नाहीतर पंखा बंद असताना वारा, पाऊस आणि किडे त्याच भोकातून आत येतात. लोखंडी पात्यांचे पंखे हवा भरपूर ओढतात, पण छोट्या बाथरूमला तेवढी गरज नसते; शिवाय आवाज जास्त आणि सततच्या ओलीने गंजण्याची भीती. इथे प्लॅस्टिकच बरं.

हाच पंखा छतात बसवून त्याला दोन-तीन मीटर पाइप जोडला, की गणित बिघडतं. पात्यांचा पंखा हवा पुढे ढकलतो खरा, पण समोर अडथळा आला की त्याचा जोर संपतो. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या हवेतला असतो. पाइप, वळणं आणि बाहेरची जाळी लागल्यावर त्यातलं बरंच कमी होतं. अशा ठिकाणी सेंट्रिफ्युगल पंखा घ्यावा. त्यात खारीच्या पिंजऱ्यासारखं गोल चाक असतं आणि ते दाबाविरुद्धही हवा रेटतं. किंमत जास्त, जागा जास्त, साफसफाईही थोडी किचकट. तरी लांब पाइपासाठी हेच पैसे सार्थकी लागतात.

तिसरा प्रकार इनलाइन. मोटर पाइपाच्या मध्ये, बाथरूमपासून दूर असते आणि खोलीत फक्त जाळी दिसते. आवाजाचा त्रास होणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. फक्त फॉल्स सीलिंगमध्ये मोटरपर्यंत हात जाईल अशी झाकणाची जागा आधीच ठेवून घ्या.

आता क्षमता. 2.4 मीटर लांब, 1.5 मीटर रुंद आणि 2.4 मीटर उंच बाथरूममध्ये साधारण 8.6 घनमीटर हवा मावते. तासाला आठ वेळा ती बदलायची तर सुमारे 70 घनमीटर लागतात. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) दिला असेल तर त्याला 1.7 ने गुणा, म्हणजे तासाचे घनमीटर मिळतात. पाइप असेल तर तासाला 100 घनमीटरच्या आसपासचा पंखा बघा, पण ‘मोठा तो चांगला’ म्हणून दुप्पट क्षमतेचा घेऊ नका; आवाज वाढला की घरचे तो लावायचंच टाळतात.

छतात बसवायचा असेल तर बॉल बेअरिंगचा घ्या. आडव्या स्थितीत साधा बुश लवकर झिजतो आणि घरघर सुरू होते. पाइप बाहेरच्या दिशेने थोडा उतरता ठेवा, म्हणजे आत साचलेलं पाणी पंख्यावर टपकणार नाही. आणि पाइप खरोखर बाहेर काढा. फॉल्स सीलिंगच्या पोकळीत सोडलेली वाफ तिथेच बुरशी धरते.

बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर मात्र कुठलाही पंखा निवडण्याआधी गीझर बाहेर हलवा. बंद दाराआड एक्झॉस्ट फॅन जळालेला वायू उलटा आत खेचू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास. इथे तडजोड नको.

टायमर की आर्द्रतेचा सेन्सर? मी टायमर निवडेन. आंघोळीनंतर 15 ते 20 मिनिटं पंखा चालला की बहुतेक काम होतं. पावसाळी दमट हवेत सेन्सरवाला पंखा उगाच तासन्‌तास फिरत राहतो.

बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियन जाण्यापूर्वी दार लावा, पंखा चालू करा आणि जाळीवर टिश्यू पेपरचा तुकडा धरून सोडा. चिकटून राहिला तर ठीक. पडला, पण दार किलकिलं केल्यावर चिकटला, तर पंख्यात दोष नाही. आत यायला हवाच नाही. दाराखाली सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर फट करून घ्या.