फुलझाडं घ्यायला उरुळी कांचनच्या नर्सऱ्या: नक्की जा, पण फुलं बघून रोप उचलू नका

रो हाऊसच्या किंवा बंगल्याच्या कंपाऊंडला लागून तीन-चार फुटांचा वाफा असेल आणि तो वर्षभर रंगीत दिसावा असं वाटत असेल तर पुण्याहून सोलापूर रोडने उरुळी कांचनपर्यंत एक चक्कर माराच. पुण्यापासून साधारण 30 किलोमीटर. लोणी काळभोर, थेऊर फाटा मागे टाकत गेलं की रस्त्याला लागून नर्सऱ्याच नर्सऱ्या दिसतात, थेऊरच्या चिंतामणीचं दर्शनही त्यातच होऊन जातं. हडपसरचं ट्रॅफिक मात्र सकाळी आठच्या आत पार करायचं, नाहीतर निम्मा उत्साह तिथेच संपतो. मी इथून बरीच वर्षं झाडं नेतेय आणि एकूण अनुभव खूप चांगला आहे, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे व्हरायटी. शहरात एक्झोरा म्हटलं की लाल आणि पिवळा, संपलं. इथे लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, पांढरा, शिवाय मिनी एक्झोरा वेगळा, मोठ्या पानांचा वेगळा. जास्वंदीचे रंग तर बघत राहावे असे. टगर सिंगल, डबल आणि ती बुटकी कुंपणाची पण मिळते. भाव शहरापेक्षा बरेच कमी, आणि दहा-बारा रोपं एकदम घेतली की न मागता कमी करून देतात. कामाला असलेली माणसं बोलायला मोकळी, मी एका काकांना म्हटलं पिशवी जरा काढून दाखवता का, तर म्हणाले, "मुळं बघताय व्हय ताई, बघा की, बघूनच न्या."

आणि हेच मला सगळ्यांना सांगायचंय. फुलांनी लगडलेलं रोप बघून आपण भुलतो, पण ती फुलं आठवड्यात गळणार असतात, तुमच्याकडे जगणार असतात ती मुळं. रोप उचलताना पिशवीचा तळ बघा. खूप दिवस एकाच जागी ठेवलेल्या रोपाची मुळं तळाच्या भोकांतून थेट जमिनीत गेलेली असतात, उचलताना कट्कन आवाज येतो आणि जाड मूळ तुटतं, मग घरी आणल्यावर दोन दिवसांत झाड मान टाकतं आणि आपण म्हणतो पाणी कमी पडलं. ज्याची मातीची हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, घट्ट धरलेली आहे, कडेला पांढरी कोवळी मुळं दिसतायत पण गोल गोल गुंडाळलेली नाहीत, असं रोप फुलं नसली तरी घ्या. कळ्या असलेलं, उंचीने कमी, बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप हे उंच सडसडीत रोपापेक्षा केव्हाही चांगलं. आणि शेडनेटखालचं (सावलीच्या जाळीखालचं) न घेता बाहेर उन्हात ठेवलेलं मागा, कारण आपला वाफा उन्हातच असतो ना, सावलीतलं रोप एकदम उन्हात आलं की पानं करपतात.

दुसरं म्हणजे ती लाल माती. बहुतेक पिशव्यांमध्ये चिकट लाल माती असते, आपल्याकडे खाली काळी माती, दोन्हींचं जमत नाही. मुळं त्या लाल गोळ्यातच फिरत राहतात, काळ्या मातीत उतरतच नाहीत, आणि वरून पाणी घातलं तरी गोळा आतून कोरडा. लावायच्या आधी हुंडी बादलीभर पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवायची आणि कडेची माती हलक्या हाताने मोकळी करायची, मग शेणखत, थोडी निंबोळी पेंड आणि मातीचं मिश्रण भरून लावायचं. वाफा जमिनीपासून अर्धा फूट उंच केला तर पावसाळ्यात पाणी साचत नाही, काळ्या मातीत हे फार महत्त्वाचं आहे.

आता झाडांबद्दल. मागच्या ओळीला टगर किंवा साधी लाल जास्वंद, ही दोन्ही कशीही वाढतात. हायब्रिड जास्वंदीचं फूल ताटलीएवढं असतं आणि मन मोहून टाकतं हे खरं, पण तिला पिठ्या ढेकूण फार लागतो, बहुतेक कलमं असतात त्यामुळे कलमाच्या गाठीखालून फुटवे आले की लगेच काढावे लागतात. रोज झाडाकडे बघायला वेळ असेल तरच घ्या. पिठ्या दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, मग निंबोळी तेल.

मधल्या ओळीला निळा प्लंबॅगो घ्याच घ्या. ऊन-सावली दोन्ही चालतं, कात्री मारत राहिलं की फुलत राहतो, आणि हा फिका निळा रंग बागेत दुसऱ्या कुठल्या झाडात पटकन मिळत नाही. त्यावर इवलीशी पट्टेरी निळसर फुलपाखरं अंडी घालायला येतात, सकाळी नऊ-दहाच्या उन्हात जवळ जाऊन बघा. फुलाखालचा भाग चिकट असतो, कपड्यांना चिकटतो, म्हणून अगदी पायवाटेला लावू नका. कुंती पण अशीच आवडती, लिंबाच्या घराण्यातली, पहिल्या पावसानंतर पांढरीशुभ्र होते आणि संध्याकाळी वास गल्लीभर.

एक्झोराबद्दल एक सावधगिरी. पुण्याच्या आजूबाजूला बऱ्याच ठिकाणी जमिनीत चुनखडी आहे, बोअरचं पाणीही जड, आणि एक्झोराला आंबट माती लागते. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसायला लागल्या तर झाडाला लोह मिळत नाहीये असं समजा, चिलेटेड आयर्न (झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह) फवारलं की नवी पानं सुधारतात. बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या कंपाऊंडच्या कडेला तर एक्झोरा नकोच, तिथे टगर लावा.

पुढच्या ओळीला अबोली आणि कोरांटी. कोरांटीला लोक नाकं मुरडतात, गावठी झाड म्हणतात, मला तर वाटतं तिच्याइतकं कमी मागणारं आणि हिवाळ्यात इतकं फुलणारं झाड दुसरं नाही. नर्सरीवाल्यांना मुद्दाम विचारावी लागते, समोर मांडलेली नसते. तशीच धायटी, आपल्या सह्याद्रीतली, फेब्रुवारी-मार्चमध्ये लाल फुलांनी भरते आणि शिंजीर पक्षी येतात मध प्यायला, आयुर्वेदातल्या आसव-अरिष्टात हीच फुलं घालतात. देशी झाडं ठेवणाऱ्या नर्सरीत मिळाली तर सोडू नका. या पट्ट्यात देशी झुडपं फार कमी ठेवतात ही माझी खरी तक्रार आहे.

लहान मुलं, कुत्रं-मांजर असेल तर कण्हेर आणि बिट्टी घेऊ नका, दोन्ही विषारी. विकणारे हे आपणहून सांगत नाहीत, सांगायला हवं. घाणेरीचे रंगीत प्रकार सुंदर दिसतात पण डोंगरच्या डोंगर घाणेरीने व्यापलेत, मी तरी घेणार नाही. आणि हिवाळ्यात फुललेल्या अझेलियाच्या कुंड्या दिसतात, त्या थंड डोंगराळ हवेतल्या, आपला एप्रिल-मे त्यांना सोसत नाही.

एका ठिकाणी पिवळी जास्वंद म्हणून दिलेलं रोप घरी येऊन गुलाबी फुललं, फोन केला तर "बदलून न्या" म्हणाले, पण त्यासाठी परत 30 किलोमीटर कोण जाणार. म्हणून रंग महत्त्वाचा असेल तर निदान एक फूल किंवा रंग दाखवणारी कळी असलेलंच रोप घ्या. बिल मागा आणि त्यावर झाडाचं नाव लिहून घ्या.

इतक्या लांब जमत नसेल तर शहरात एम्प्रेस गार्डनची नर्सरी बरी, जानेवारीत 26 तारखेच्या आसपास तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा एकाच ठिकाणी खूप काही बघायला मिळतं. पण दहा-पंधरा झुडपं लावायची असतील तर उरुळीच.

पाचातले चार स्टार. जायचं तर जूनचा पहिला पाऊस झाल्यावर, रविवार सोडून. गाडीत झाडं आडवी घालू नका, मागच्या सीटपुढे पाय ठेवायच्या जागेत उभी ठेवा आणि काचा बंद, वाऱ्याने शेंडे सुकतात. घरी आणल्यावर दोन-चार दिवस सावलीत ठेवून मग संध्याकाळी लावा, दोन झुडपांत अडीच-तीन फूट अंतर ठेवा, सुरुवातीला मोकळं मोकळं वाटेल पण पुढच्या पावसाळ्यापर्यंत भरतं सगळं.