शेपू, खरवस आणि नवसागर : शाकाहारी माणसाने चाखलेले फिनलंडचे जेवण

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत कोणी परदेशी निघाले की पहिला प्रश्न व्हिसाचा नसतो, जेवणाचा असतो. आणि देश फिनलंड असेल तर विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर सहानुभूती आधीच उमटलेली असते. मुलगी हेलसिंकीजवळच्या एस्पो शहरात नोकरी करते, म्हणून मी आणि माझे यजमान जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत तिच्याकडे राहिलो. मी मांस-मासे खात नाही, केकमधल्या अंड्याला मात्र माझी हरकत नसते. यजमानांना अंडेही चालत नाही. तिकिटे काढून देणाऱ्या गृहस्थांनी "तिथे सामन मासा आणि रेनडिअर यांखेरीज काही मिळत नाही" असे सांगितल्यामुळे आमच्या एका बॅगेत केवळ थेपले, मेतकूट, भाजणी आणि लोणच्याच्या बरण्या होत्या. त्यातले निम्म्याहून अधिक परत आले. त्या गृहस्थांचे म्हणणे हॉटेलांच्या पाट्या वाचणाऱ्याच्या दृष्टीने खरे आहे. पण घरात, मंडईत आणि दुपारच्या खानावळींत जे खाल्ले जाते ते आपल्याकडच्या तिखट-फोडणी वगळलेल्या, आजारी माणसाला किंवा लहान मुलाला वाढायच्या जेवणाच्या इतके जवळचे आहे की मला कित्येकदा माहेरची आठवण झाली.

सुरुवात न्याहारीपासून करते. ओट्सची लापशी, जिला तिथे काउरापूरो म्हणतात, ती पाण्यात किंवा दुधात शिजवून वाडग्यात वाढतात आणि मधोमध लोण्याचा गोळा ठेवतात. तो वितळून पिवळा ठिपका तयार होतो, त्याला 'वोईसिल्मा', म्हणजे लोण्याचा डोळा, असे नाव आहे. मऊभाताच्या मुदीत खळगा करून तूप सोडणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. यजमानांनी तिसऱ्या दिवसापासून त्यावर मेतकूट भुरभुरले. जावयाने ते पाहून न पाहिल्यासारखे केले.

त्यांच्या राईच्या (मोहरी नव्हे, गव्हासारखे एक धान्य) पावाला, रुइसलेइपाला, मी मनापासून पैकीच्या पैकी गुण देते. फिनलंडच्या स्वातंत्र्याला 2017 मध्ये शंभर वर्षे झाली, त्या वर्षी लोकांनी मते देऊन याच पावाला राष्ट्रीय खाद्यपदार्थ ठरवले. राईचे पीठ, पाणी, मीठ आणि आंबवलेले विरजण एवढ्यावर तो सहसा होतो, म्हणजे अंडे-दुधाची शंकाच नाही. रंगाने काळसर, चवीला आंबूस, चावायला घट्ट; पहिला घास घेताना आपल्या पांढऱ्या पावाची अपेक्षा ठेवली तर निराशा होईल, पण आदल्या दिवशीच्या नाचणीच्या भाकरीची ठेवली तर होणार नाही. पश्चिम फिनलंडमध्ये पूर्वी वर्षातून मोजक्याच वेळा भट्टी लावून मध्ये भोक असलेले चपटे पाव भाजत आणि आढ्याजवळच्या काठीत ओवून महिनोन्महिने टांगून ठेवत. ते भोक आजही दुकानातल्या काही पावांत असते. वर लोणी आणि काकडीची चकती, किंवा आमच्या पद्धतीने लोणी आणि लसणाची चटणी. दोन्ही प्रकारे तो उत्तम लागतो.

कार्यालानपीराक्का हे नाव ऐकून यजमानांना कार्यालयच आठवले, पण हा कारेलिया प्रांतातला पदार्थ आहे. राईच्या पिठाची कागदासारखी पातळ पारी लाटायची, तिच्यात दुधात शिजवलेला मऊ भात भरायचा, कडा चिमटीने मुडपायच्या आणि कडक भट्टीत भाजायचे. करंजीला मुरड घालणाऱ्या कोणत्याही बाईने त्या कडा पाहून दाद द्यावी. या पदार्थाला युरोपीय संघाची पारंपरिक खाद्यपदार्थाची नोंदणीही आहे. गोम एवढीच की वर फासायला देतात ते 'मुनावोई' म्हणजे उकडलेले अंडे कुस्करून कालवलेले लोणी असते. ते वेगळे मागता येते, त्यामुळे घेण्यापूर्वी विचारावे.

आता मंडईबद्दल, कारण तिथे मी सर्वात अधिक रमले. हेलसिंकीच्या बंदरावरचा काउप्पातोरी हा उघडा बाजार, त्याच्या शेजारची 1889 सालची जुनी मंडई, आणि हाकानिएमीची 1914 सालची लाल विटांची मंडई, या तिन्ही ठिकाणी मासळीचा वास सोसण्याची तयारी हवी. बंदरावर तर तळलेल्या माशांच्या टपऱ्या ओलांडूनच भाजीकडे जावे लागते. पण पुढे गेल्यावर मटाराच्या कोवळ्या शेंगा, स्ट्रॉबेऱ्या आणि नवे बटाटे लिटरच्या मापाने विकतात, वजनाने नव्हे. जांभळी नाक्यावर आज सगळे किलोवर चालते. पायली आणि मापटे पाहिलेल्या माझ्या पिढीला मात्र मापात शीग लावून ओतलेल्या शेंगा पाहून फार बरे वाटले. लोक त्या शेंगा तिथेच बाकावर बसून सोलून कच्च्या खातात. आम्हीही खाल्ल्या. मटार इतका गोड होता की सहा आठवड्यांत मला त्याची उसळ करण्याचे धाडस झाले नाही.

नवे बटाटे सालीसकट उकडून, लोणी घालून, वर भरपूर ताजा शेपू चिरून खातात. होय, शेपू. 'तिल्ली' या नावाने तो तिथे बटाट्यावर, काकडीवर आणि सूपमध्ये सर्वत्र असतो. आपल्याकडे शेपूवरून घराघरांत दोन तट पडतात आणि आमच्या घरी विरोधी पक्ष यजमानांचा आहे. परंतु तिथला शेपू सहसा शिजवत नाहीत, वरून कच्चा पेरतात, त्यामुळे त्याचा उग्रपणा बराच कमी जाणवतो. त्यांनी दोनदा मागून घेतला, एवढे नोंदवून ठेवते. बटाट्यांबरोबर लोण्यात परतलेल्या पिवळ्या कांतारेल्ली अळंब्या मिळाल्या तर त्या सोडू नयेत.

दुधाचे पदार्थ हा शाकाहारी माणसाचा तिथला मोठा आधार आहे. 'पीमा' म्हणजे जवळजवळ आपले दाट ताक. जिरे-मीठ आपण घालावे. 'राह्का' म्हणजे चक्का, आणि हे मी सावधपणे म्हणत नाही, खात्रीने म्हणते, कारण मी त्याचे वेलदोडा घालून श्रीखंड केले आणि मुलीच्या फिनिश शेजारणीने वाटी चाटूनपुसून परत केली. 'लेइपायूस्तो' हे वरून भाजून तपकिरी डाग पाडलेले चपटे चीज दाताखाली चक्क कुरकुर वाजते. ते पूर्वापार नुकत्याच व्यायलेल्या गाईच्या चिकाचे करत. याच चिकाचा भट्टीत भाजून केलेला 'ऊनियूस्तो' नावाचा पदार्थ आहे, तो म्हणजे साखर-वेलची नसलेला खरवस. उत्तरेकडे लेइपायूस्तोचे तुकडे गरम कॉफीत टाकून खातात. आमच्या घरी यावर एकमत झाले नाही. चीजमध्ये दूध नासवण्यासाठी प्राण्यांच्या जठरातले द्रव्य वापरलेले असू शकते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी वेष्टनावरचे 'युओक्सुते' हा शब्द असलेले वाक्य तपासून ते सूक्ष्मजीवांपासून केलेले असल्याची खात्री करून घ्यावी.

गोड पदार्थांत मला सर्वाधिक आनंद वेलदोड्याने दिला. 'पुल्ला' नावाच्या गोड पावात भरड कुटलेला वेलदोडा असतो आणि बेकरीबाहेर असा घमघमाट येतो की क्षणभर दिवाळी वाटावी. त्याचाच दालचिनी घातलेला गुंडाळीचा प्रकार 'कोर्वापूस्ती'. शब्दाचा अर्थ कानाखाली वाजवलेली चपराक. यजमानांना हा पाव साधा मिळू शकला नाही, कारण वर अंड्याचा हात फिरवलेला असतो. मात्र अंडे-दूध नसलेला वेगळा कोर्वापूस्ती कॉफीच्या दुकानांत बऱ्याच ठिकाणी मिळाला आणि चवीत फारसा फरक नव्हता. दुसरा प्रकार 'विस्पिपूरो'. पुओलुक्का या आंबट लाल बोरांच्या रसात रवा शिजवायचा, गार करायचा आणि हलका, फुगीर, गुलाबी होईपर्यंत घुसळायचा. वाटीत घेऊन वर थंड दूध ओतायचे. रव्याचे इतके वेगळे रूप मी आजवर पाहिले नव्हते, आणि अंडे नाही.

बोरांचाच विषय निघाला म्हणून सांगते, तिथे जंगलातली रानफळे वेचण्याचा हक्क सर्वांना आहे, जमीन कोणाचीही असो. घराच्या अंगणात तेवढे शिरायचे नाही. एस्पोच्या नूक्सिओ राष्ट्रीय उद्यानात आम्ही मुस्तिक्का, म्हणजे रानटी ब्लूबेरी, दोन डबे भरून वेचली आणि तिघांच्याही जिभा जांभूळ खाल्ल्यासारख्या निळ्या झाल्या. येऊरच्या बाजूला लहानपणी करवंदे काढलेल्या माणसाला हे सहज जमते, काटेही नाहीत.

दुपारच्या जेवणाचा, 'लोउनास'चा, अनुभव मात्र संमिश्र आहे. कामाच्या दिवशी साधारण अकरा ते दोन या वेळेत कित्येक खानावळी ठरावीक दरात सॅलड, सूप, एकदोन गरम पदार्थ, पाव आणि कॉफी असे हवे तेवढे देतात. आम्हाला माणशी बारा ते चौदा युरो पडले, म्हणजे ठाण्याच्या हिशेबाने महाग आणि तिथल्या संध्याकाळच्या हॉटेलांच्या मानाने स्वस्त. शाकाहारी पदार्थ बहुतेक ठिकाणी असतोच. पण आमची फसगत झाली ती अक्षरांनी. पदार्थाच्या पाटीवर 'व्हीएल' अशी रोमन अक्षरे दिसली, ती व्हेजची खूण समजून यजमानांनी मलईतल्या बटाट्याचा भरपूर भाग ताटात घेतला. ती अक्षरे दुग्धशर्करा कमी असल्याची निघाली आणि पदार्थ निघाला 'किंक्कुकिउसाउस', म्हणजे डुकराचे मांस घातलेले बटाटे. किउसाउस या शब्दाचा अर्थ मोह. रांगेतल्या एका बाईंनी वेळेवर सांगितले म्हणून ताट तसेच बाजूला ठेवता आले. दोष खानावळीचा नव्हता, पण तेरा युरो देऊन त्या दिवशी यजमान काकडी आणि पावावर उठले. नुसते 'एल' दुग्धशर्करा नसल्याचे, 'जी' ग्लूटेन नसल्याचे, 'एम' दूध नसल्याचे. शाकाहारी माणसाच्या कामाचा शब्द 'कास्विस' आणि पूर्ण वनस्पतीजन्य असल्यास 'वेगानी'.

गुरुवारी वाटाण्याचे सूप आणि त्यानंतर पॅनकेक हा तिथला जुना परिपाठ आहे. शुक्रवारच्या उपवासाआधी पोटभर जेवण्यातून तो आला असे सांगतात. हिरव्या वाटाण्याची ही दाट, फोडणी नसलेली आमटी वर मोहरीची चटणी घालून खातात. मूळ सूपमध्ये डुकराचे मांस असते, त्यामुळे शाकाहारी आहे का हे विचारल्याशिवाय वाटी भरू नये. ओट्स आणि कडधान्यांपासून केलेले, 2016 मध्ये बाजारात आलेले 'न्युह्तोकाउरा' हे मांसासारखे तंतुमय प्रकरण मुलीने रस्स्यात घालून दिले. पौष्टिक आहे, पण ज्याने मांस कधी चघळले नाही त्याला मांसासारखे लागण्याचे कौतुक वाटत नाही. रात्रीच्या हॉटेलांत आम्ही दोनदा गेलो, दोन्हीदा अळंब्यांचा पास्ता मिळाला. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सालमियाक्की या काळ्या गोळीबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. ज्येष्ठमधाच्या अर्कात नवसागर घातलेली ही मिठाई तिथली लहान मुले आवडीने चघळतात. होय, तोच नवसागर, जो कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात टाकायचा आणि धुराने सगळी गल्ली भरून जायची. तोंडात ठेवताच मला तो वास आधी आला आणि चव नंतर. मी एक संपवली. यजमानांनी रुमालात गुंडाळली. असल्या गोळ्यांत आणि काही दह्यांतही जिलेटिन असू शकते, त्याला 'लीवाते' म्हणतात. युरोपातल्या नियमांमुळे अंडे, दूध, मासे यांची नावे वेष्टनावर ठळक छापतात, कारण ती ॲलर्जीची यादी आहे. जिलेटिन किंवा चरबी त्या यादीत नाही, म्हणून ठळक अक्षरे पाहून निश्चिंत होऊ नये. वेष्टनावर फिनिशबरोबर स्वीडिशही असते आणि तीत दुधाला म्योल्क, माशाला फिस्क असे ओळखू येणारे शब्द आहेत, ही सोय आम्हाला फार उशिरा कळली.

मुलीने पहिल्या आठवड्यातच एका चिठ्ठीवर सहा शब्द देवनागरीत आणि शेजारी रोमन लिपीत लिहून दिले होते: लिहा मांस, काना कोंबडी, काला मासा, किंक्कु डुकराचे मांस, कानानमुना अंडे, लीवाते जिलेटिन. त्या फसगतीच्या दुपारी ती यजमानांच्या दुसऱ्या पँटच्या खिशात होती. आता ती आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जूनमध्ये हेलसिंकीला निघाल्या आहेत, त्या कालच तिची झेरॉक्स काढून घेऊन गेल्या. थेपले किती घ्यावेत असे त्यांनी विचारले. विमानापुरते, असे मी सांगितले.