वेबफॉर्मची स्वयंचलित चाचणी: सेलेनियम, सायप्रेस की प्लेराइट?

वेबफॉर्मची चाचणी हाताने करण्याऐवजी यंत्राकडे सोपवायची असे ठरले की पहिला प्रश्न साधनाचा येतो, आणि सध्या ही चर्चा बहुधा सेलेनियम, सायप्रेस आणि प्लेराइट या तीन नावांभोवती फिरते. एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीच्या फॉर्मसाठी मी ही तिन्ही साधने चालवून पाहिली. मराठीत नाव, जन्मतारीख, जिल्हा आणि तालुका, पॅन, बँकेचा आयएफएससी, छायाचित्र आणि शेवटी दुसऱ्या टॅबमध्ये उघडणारी ई-स्वाक्षरी असा तो फॉर्म होता. पुढील तुलना याच अनुभवावर आधारलेली आहे. साधन निवडताना वैशिष्ट्यांच्या यादीपेक्षा आपल्या फॉर्ममधला सर्वांत अवघड रकाना समोर ठेवावा, असे माझे ठाम मत झाले आहे.

सेलेनियमची सुरुवात २००४ मध्ये थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स यांनी केली. पुढे त्यात आलेला, ब्राउझरला बाहेरून आज्ञा देण्याचा वेबड्रायव्हर हा संकेत २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचे अधिकृत मानक झाला. त्यामुळे ब्राउझर बनवणारे स्वतःच त्यासाठीचा ड्रायव्हर पुरवतात आणि ॲपलच्या खऱ्या सफारी ब्राउझरवरही चाचणी चालवता येते. जावा, पायथन, सी शार्प, रुबी, जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेत ती लिहिता येते. सायप्रेसची चाचणी ब्राउझरच्या आतच, आपल्या पानाच्या शेजारी चालते आणि ती जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्येच लिहावी लागते. प्लेराइट मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये आणले. ते क्रोमियम, फायरफॉक्स आणि वेबकिट ही ब्राउझरची तिन्ही इंजिने (पान पडद्यावर उभा करणारा गाभा) चालवते आणि जावास्क्रिप्टखेरीज पायथन, जावा व डॉटनेटमध्येही वापरता येते. मात्र प्लेराइटचे वेबकिट हे सफारीचे इंजिन आहे, प्रत्यक्ष सफारी नव्हे. अर्जदारांत आयफोनवाले पुष्कळ असतील तर हा फरक लक्षात ठेवावा.

तिन्हींतला पहिला मोठा फरक थांबण्याच्या बाबतीत जाणवतो. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी सर्व्हरकडून येते. ती कधी क्षणात येते, कधी दोन सेकंद घेते. प्लेराइटला ‘तालुका निवड’ असे सांगितले तर तो पर्याय यादीत येईपर्यंत ते स्वतः वाट पाहते. बटण दाबण्यापूर्वीही ते बटण दिसते आहे का, हलत तर नाही ना, सक्षम आहे का आणि त्यावर दुसरे काही आडवे आलेले नाही ना, हे ते तपासून घेते. सायप्रेसही तीच आज्ञा पुन्हा पुन्हा करून पाहते, आणि त्यासाठीची मूळ मुदत ४ सेकंद असते. सेलेनियममध्ये ही वाट पाहण्याची अट आपण स्वतः लिहायची असते, आणि ती लिहायची राहिली किंवा यादी मध्येच नव्याने मांडली गेली तर आधी शोधून ठेवलेला घटक ‘शिळा’ झाल्याची, म्हणजे तो आता पानावर नसल्याची त्रुटी येते. कधी पास, कधी फेल होणाऱ्या चाचण्यांवरचा विश्वास महिन्याभरात उडतो आणि मग लाल, म्हणजे फेल निकालाकडेही कोणी पाहत नाही, म्हणून मी या मुद्द्याला सर्वाधिक वजन देतो.

तारखेच्या रकान्यातही फरक जाणवतो. प्लेराइट आणि सायप्रेस या दोघांनाही वर्ष-महिना-दिवस या एकाच क्रमात तारीख द्यावी लागते आणि तिथे गोंधळाला जागा राहत नाही. सेलेनियम कळा दाबल्यासारखी अक्षरे पाठवते, त्यामुळे दिवस आधी की महिना आधी हे ब्राउझर आणि त्याच्या भाषेनुसार बदलू शकते. आपल्या यंत्रावर पास झालेली चाचणी, चाचण्या आपोआप चालवणाऱ्या बिल्ड सर्व्हरवर पडते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. मात्र प्लेराइटची रकाना भरण्याची नेहमीची आज्ञा पूर्ण मजकूर एकदम ठेवते. प्रत्येक कळ दाबल्यावर चार-चार आकड्यांचे गट पाडणारा आधार क्रमांकाचा रकाना असेल, तर एकेक अक्षर टंकणारी वेगळी आज्ञा वापरावी लागते, नाहीतर ते गट पाडणारा कोड तपासलाच जात नाही.

आता मराठी नावाचा रकाना. इथे तिन्ही साधने सारखीच अपुरी पडतात, आणि हे आधी कळले असते तर माझे बरेच दिवस वाचले असते. मराठी माणूस गूगलच्या किंवा अन्य कळफलकावर लिहितो तेव्हा अक्षर जुळत असताना ब्राउझरला ज्या घटना मिळतात, त्या यांपैकी कोणत्याही साधनाच्या नेहमीच्या आज्ञांतून घडत नाहीत. त्याहून फसवे प्रकरण ‘कऱ्हाड’ या शब्दाचे आहे. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जातो: स्वतंत्र ऱ आणि हलंत, र आणि नुक्ता (खालचे टिंब) आणि हलंत, किंवा र, हलंत आणि डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे) प्रमाणीकरण पहिल्या दोन प्रकारांना एक करते, तिसऱ्याला नाही. परिणामी एकच सभासद दोनदा नोंदला जाऊ शकतो, आणि चाचणी लिहिणाऱ्याने आपल्याच कळफलकावरून नमुना टंकला असेल तर ती चूक चाचणीला कधीच सापडणार नाही. नमुने युनिकोड क्रमांकांनीच लिहावेत.

आकड्यांचेही तसेच आहे. मजकूर तपासणारी ‘कोणताही अंक’ अशी नमुना-अट (रेग्युलर एक्स्प्रेशन) जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक स्वीकारते, तर पायथन ३ आणि डॉटनेटमध्ये तीच अट देवनागरी अंकही स्वीकारते. म्हणजे मोबाइल क्रमांक देवनागरीत लिहिला तर ब्राउझर त्याला अडवतो, पण पायथन किंवा डॉटनेटमध्ये लिहिलेल्या सर्व्हरकडे थेट आलेला तोच क्रमांक आत जातो. हा विसंवाद शोधायचा तर फॉर्म टाळून सर्व्हरला थेट विनंती पाठवावी लागते. ही सोय सायप्रेस आणि प्लेराइट दोन्हींत आहे, सेलेनियममध्ये नाही. तिथे दुसरी लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडावी लागते. पॅनचा ५ अक्षरे, ४ अंक, १ अक्षर हा साचा किंवा आयएफएससीमधले पाचवे स्थान शून्य असण्याचा नियम यांचे डझनभर प्रकारही असेच थेट तपासावेत. प्रत्येकासाठी ब्राउझर उघडत बसण्यात अर्थ नाही.

रिकामा रकाना सोडल्यावर ब्राउझर जो छोटा फुगा दाखवतो तो पानाचा भाग नसतो, त्यामुळे पानावर शोधून तो एकाही साधनाला सापडत नाही. शिवाय त्यातले वाक्य ब्राउझरच्या भाषेत येते. म्हणून वाक्याऐवजी रकान्याची वैधता-स्थिती विचारावी, आणि ते तिन्हींत जमते.

रकाना कसा शोधायचा, यात प्लेराइटची एक सोय मला फार मोलाची वाटते. ‘जन्मतारीख असे लेबल असलेला रकाना’ असे त्याला थेट सांगता येते. लेबल रकान्याशी नीट जोडलेले नसेल तर चाचणी पडते, आणि त्याच चुकीमुळे स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध अर्जदाराचीही अडचण होत असते. सायप्रेसमध्ये यासाठी टेस्टिंग लायब्ररी जोडता येते, सेलेनियममध्ये एक्सपाथ, म्हणजे पानातल्या घटकाचा पत्ता, रचावा लागतो.

ई-स्वाक्षरीच्या दुसऱ्या टॅबपाशी मात्र सायप्रेस थांबले, कारण एका चाचणीत दोन टॅब हाताळण्याची सोय त्यात नाही. दुवा त्याच टॅबमध्ये उघडायला लावून वाट काढता येते, पण मग अर्जदाराचा खरा प्रवास तपासला जात नाही. असे असले तरी फॉर्म लिहिणारेच चाचणीही लिहिणार असतील, सगळा कारभार जावास्क्रिप्टमध्ये असेल आणि अर्ज एकाच टॅबमध्ये पूर्ण होत असेल, तर सायप्रेस अवश्य घ्यावे. प्रत्येक पायरीला पान कसे होते हे मागे जाऊन पाहण्याची त्याची खिडकी नवख्याला लवकर शिकवते.

नव्याने सुरुवात करणाऱ्या चमूला मी प्लेराइट सुचवेन. ज्यांच्याकडे जावातल्या शेकडो सेलेनियम चाचण्या आधीच चालू आहेत, त्यांनी त्या मोडीत काढू नयेत. वाट पाहण्याच्या अटी एका जागी आणून नीट केल्या तर त्यातल्या बऱ्याचशा स्थिरावतात. निर्णय होत नसेल तर जिल्हा-तालुका, तारीख, मराठी नाव आणि दुसरा टॅब या चारच चाचण्या दोन साधनांत लिहाव्यात, आपल्या नेहमीच्या बिल्ड सर्व्हरवर रोज रात्री पन्नास वेळा चालवाव्यात आणि आठवड्यानंतर कोणत्या साधनात विनाकारण किती वेळा लाल निकाल आला ते मोजावे.